स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच व्हायचंय? सर्टिफिकेशन, परीक्षा आणि त्यानंतरचं शिक्षण

स्ट्रेंथ कोचच्या कामात चूक झाली की ती कागदावर राहत नाही, खेळाडूच्या गुडघ्यात, कमरेत किंवा खांद्यात उतरते. म्हणूनच या क्षेत्रात सर्टिफिकेशनला किंमत आहे. उत्तम कोच असल्याचा तो पुरावा नव्हे. या माणसाच्या हाती खेळाडू सोपवायला हरकत नाही, इतकीच किमान खात्री तो देतो. ही खात्री कशी मिळवायची आणि मिळाल्यावर ती खरी कशी ठेवायची, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी ठरवा: तुमच्यासमोर कोण उभं राहणार?

बहुतेक जण सुरुवातच चुकीच्या प्रश्नाने करतात: 'सगळ्यात चांगलं सर्टिफिकेट कोणतं?' खरा प्रश्न असा की तुम्ही कुणाला शिकवणार. वजन कमी करायला येणारे नोकरदार, शाळकरी खेळाडू, विद्यापीठाचा संघ, व्यावसायिक क्लब, लष्कर किंवा अग्निशमन दलाचे जवान, या प्रत्येकासाठी वेगळी वाट आहे. सर्वसामान्य लोकांना व्यायाम शिकवायचा असेल तर पर्सनल ट्रेनरचं सर्टिफिकेशन पुरतं. जवानांसोबत काम करायचं असेल तर अमेरिकेतल्या नॅशनल स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग असोसिएशनचं, म्हणजे एनएससीएचं, टीएसएसी-एफ हे स्वतंत्र सर्टिफिकेशन आहे. खेळाडूंची ताकद, वेग आणि दमसास वाढवणं हे तुमचं मुख्य काम असेल, तरच पुढचा सगळा खटाटोप.

ज्या ठिकाणी नोकरी करायची इच्छा आहे, तिथल्या दहा-बारा जाहिराती काढून वाचा. 'आवश्यक' या शब्दापुढे काय लिहिलंय आणि 'असल्यास प्राधान्य' यापुढे काय, हे वेगवेगळं टिपून ठेवा. या एका तासाच्या कामामुळे पुढचे नको ते कोर्स आणि त्यांच्या फिया वाचतात.

कोणत्या नावाला वजन आहे

दोन प्रकारच्या कागदांत फरक करायला शिका. एक मिळतो कोर्सला बसल्याबद्दल: शनिवार-रविवार हजेरी लावली, शेवटी छोटी चाचणी दिली, कागद हातात. तो कधी संपत नाही, कारण त्याची जबाबदारीच कुणी घेतलेली नसते. दुसरा मिळतो स्वतंत्र, देखरेखीखाली घेतलेल्या परीक्षेतून. त्याला मुदत असते, आचारसंहिता असते आणि गंभीर गैरवर्तन केलं तर तो काढूनही घेता येतो. नोकरी देणारे दुसऱ्या प्रकाराकडे बघतात. परीक्षेचा दर्जा तपासणाऱ्या संस्था वेगळ्या असतात. अमेरिकेत एनसीसीए ही मान्यता देते, आणि व्यक्तींना प्रमाणित करणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ १७०२४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. एखाद्या संस्थेच्या माहितीपत्रकात यातलं काहीच सापडत नसेल, तर पैसे भरण्याआधी थांबा आणि थेट विचारा.

या क्षेत्रात सर्वाधिक ओळखलं जाणारं नाव एनएससीएचं. बॉइड एप्ली यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये ही संस्था उभी राहिली. खेळाडूंच्या स्ट्रेंथ कोचसाठीचं तिचं सीएससीएस हे सर्टिफिकेशन १९८५ पासून आहे. १९९३ मध्ये त्याला एनसीसीएची मान्यता मिळाली. अमेरिकेच्या विद्यापीठीय खेळात सीएससीसीए या दुसऱ्या संघटनेचं एससीसीसी हे सर्टिफिकेशन चालतं. त्यासाठी अनुभवी कोचच्या हाताखाली ६४० तासांचं प्रत्यक्ष काम करावं लागतं आणि लेखीबरोबर प्रात्यक्षिक परीक्षाही द्यावी लागते. ब्रिटनमध्ये यूकेएससीए आहे, २००४ मध्ये स्थापन झालेली. तिच्या मूल्यमापनात लेखी प्रश्न आहेतच, शिवाय उड्या, चपळता आणि वेग यांचं प्रात्यक्षिक, वेटलिफ्टिंगचं प्रात्यक्षिक आणि एका खरोखरच्या खेळाडूवर केलेल्या कामाचं सादरीकरण असतं. ऑस्ट्रेलियात एएससीए टप्प्याटप्प्याने पायऱ्या देते.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या परीक्षेत तुम्हाला कुणीतरी शिकवताना बघतं, ती परीक्षा कोच म्हणून तुम्हाला जास्त घडवते. सीएससीएसची परीक्षा संगणकावर होते. तिची व्याप्ती मोठी आहे आणि जगभर तिला मान आहे, पण ती देऊनही एखाद्याला क्लीन (बार जमिनीवरून एका झटक्यात खांद्यांपर्यंत उचलण्याचा प्रकार) धड शिकवता येत नाही असं होऊ शकतं. म्हणून सीएससीएस घेणार असाल तर त्याच्या जोडीला वेटलिफ्टिंग फेडरेशनचा पहिल्या स्तराचा कोच कोर्स धरा. बार हातात घेऊन कुणीतरी तुमची चूक दाखवायला हवी.

पात्रता: फॉर्म भरण्याआधी

सीएससीएससाठी पदवी लागते, किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षात असावं लागतं. सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायचा प्रथमोपचार) आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) यांचं चालू असलेलं प्रमाणपत्रही लागतं. फक्त ऑनलाइन व्हिडिओ पाहून मिळालेलं सीपीआर प्रमाणपत्र घेऊ नका, पुतळ्यावर प्रत्यक्ष हात चालवून घेतलेली चाचणी हवी. आत्तापर्यंत कोणत्याही विषयाची पदवी चालत आली आहे. मात्र संबंधित विषयाची आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची पदवी मागण्याच्या दिशेने एनएससीएची पावलं पडत आहेत आणि त्यासाठी २०३० हे वर्ष जाहीर झालं होतं. त्यामुळे जे आज बारावीनंतर वाट निवडताहेत, त्यांनी पदवीचा विषयच विचारपूर्वक घ्यावा: व्यायामशास्त्र, क्रीडाविज्ञान किंवा शारीरिक शिक्षण. नियम बदलत राहतात, म्हणून फी भरण्याच्या दिवशी संस्थेची चालू परीक्षार्थी-पुस्तिका स्वतः वाचा. मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या माहितीवर विसंबू नका.

परदेशातल्या विद्यापीठाची पदवी असेल तर गुणपत्रकांचं भाषांतर किंवा समकक्षतेचं मूल्यांकन मागितलं जाऊ शकतं. यात वेळ जातो, त्यामुळे अभ्यासाच्या सुरुवातीलाच हे काम हाती घ्या.

आधी कुणाच्या तरी हाताखाली उभे राहा

पुस्तक उघडण्याआधी, निदान उघडताना, एखाद्या अनुभवी कोचकडे जाऊन काम मागा. पैसे मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तरी किती महिने थांबायचं आणि त्या काळात काय शिकायला मिळणार, हे आधी ठरवून घ्या. फुकट प्लेट्स उचलणारा माणूस म्हणून वर्ष काढणं म्हणजे शिकणं नव्हे.

तिथे बघायचं काय? एकाच वेळी वीस खेळाडू वजनं उचलत असताना कोच कुठे उभा राहतो. तो एका वेळी किती सूचना देतो. चांगला कोच बहुधा एकच देतो. खेळाडू थकलेला आहे हे त्याला कशावरून कळतं आणि ठरवलेला आराखडा तो तिथल्या तिथे कसा बदलतो. फिजिओ आणि मुख्य प्रशिक्षकाशी तो कोणत्या भाषेत बोलतो. यातलं काहीच बहुपर्यायी प्रश्नात नीट मावत नाही, पण हे एकदा पाहिलेलं असलं की पुस्तकातलं प्रकरण डोळ्यांसमोर उभं राहतं आणि पाठांतराचा भार निम्म्याने उतरतो.

अभ्यास: कुठे वेळ घालायचा

सीएससीएसच्या परीक्षेचे दोन भाग आहेत. शास्त्रीय पायाच्या भागात गुण मोजले जाणारे ८० प्रश्न आणि दीड तास. प्रात्यक्षिक व उपयोजित भागात ११० प्रश्न आणि अडीच तास. प्रत्येक भागात गुण न मोजले जाणारे आणखी १५ प्रश्न मिसळलेले असतात आणि ते कोणते हे कळत नाही. उत्तीर्ण होण्यासाठी दोन्ही भागांत वेगवेगळे ७० प्रमाणित गुण लागतात. हे ७० टक्के नव्हेत, हे लक्षात असू द्या.

पहिल्या भागात शरीरक्रिया, जैवयांत्रिकी, क्रीडा-मानसशास्त्र आणि आहार. पदवीला हे शिकलेले लोक इथे निर्धास्त असतात. गडबड दुसऱ्या भागात होते. तिथे व्यायामाचं तंत्र, आराखडा आखणं, चाचण्या आणि व्यायामशाळेचं व्यवस्थापन येतं, आणि चित्र किंवा व्हिडिओ दाखवून 'यात चूक काय?' असं विचारलं जातं. वर्षानुवर्षं जिममध्ये काढलेली माणसं इथेच गुण घालवतात, कारण जिममधली रीत आणि पाठ्यपुस्तकातली रीत वेगळी असते. डंबेल बेंच प्रेसचं स्पॉटिंग, म्हणजे वजन निसटल्यास सावरायला जवळ उभं राहणं, घ्या. कोपरांखाली हात धरण्याची पद्धत जिकडेतिकडे दिसते. पण कोपर धरलं तरी मनगटाकडून डंबेल आत कोसळून तोंडावर किंवा छातीवर येऊ शकतं, म्हणून हात मनगटाजवळ, पुढच्या बाहूवर हवेत. तसंच क्लीन, स्नॅच यांसारख्या स्फोटक प्रकारांना स्पॉटिंग करायचंच नाही. तिथे बार सोडून सुरक्षित बाजूला कसं व्हायचं, हे खेळाडूला शिकवायचं.

आराखड्याचे प्रश्न आकड्यांवर उभे असतात. ताकदीसाठी १ आरएमच्या (एकदाच उचलता येईल इतक्या कमाल वजनाच्या) ८५ टक्के किंवा जास्त वजन आणि ६ किंवा कमी रेप्स, म्हणजे एका सेटमध्ये सलग उचलण्याची संख्या. स्नायूंचा आकार वाढवायला ६७ ते ८५ टक्के आणि ६ ते १२ रेप्स. स्नायूंच्या सहनशक्तीसाठी ६७ टक्के किंवा कमी आणि १२ किंवा जास्त. विश्रांती ताकदीसाठी २ ते ५ मिनिटं, आकारासाठी ३० ते ९० सेकंद, सहनशक्तीसाठी ३० सेकंद किंवा कमी. आता प्रश्न बघा: खेळाडूचा स्क्वॉटचा १ आरएम १४० किलो आहे आणि उद्दिष्ट ताकद. पर्यायांत १२० किलोचे ४ सेट, प्रत्येकी १० रेप्स, असं दिलंय. १२० किलो म्हणजे सुमारे ८६ टक्के. ८५ टक्क्यांवर साधारण ६ रेप्स निघतात, तर इथे १० कुठून निघणार? वजनाचा आकडा ताकदीसाठी बरोबर वाटत असला तरी हा पर्याय बाद. टक्के आणि रेप्सचा तक्ता तोंडपाठ असेल तर असा प्रश्न वीस सेकंदांत सुटतो. नसेल तर दोन मिनिटं जातात आणि तरी शंका राहते.

चाचण्यांच्या क्रमावर प्रश्न हमखास असतो. आधी न थकवणाऱ्या चाचण्या: उंची, वजन, लवचिकता, उभी उडी. मग चपळता. त्यानंतर कमाल शक्ती आणि ताकद, मग धावण्याचा वेग, मग पुशअपसारखी स्नायूंची सहनशक्ती, पुढे ३०० यार्डांच्या शटलसारख्या (मागे-पुढे धावण्याच्या) दमवणाऱ्या अनएरोबिक, म्हणजे थोड्या वेळाच्या जोरदार श्रमाच्या, चाचण्या आणि सगळ्यात शेवटी दीड मैलांची धाव. यामागचं कारण समजून घेतलं तर पाठ करावं लागत नाही. काही सेकंदांच्या जोरदार हालचालीला ऊर्जा देणारी फॉस्फेजन व्यवस्था पूर्ववत व्हायला तीन ते पाच मिनिटं पुरतात, पण दमवणाऱ्या शटलनंतर रक्तातलं लॅक्टेट खाली यायला तास किंवा अधिक लागतो. ज्याचा थकवा पुढच्या चाचणीला बिघडवतो, ते मागे ढकलायचं.

अभ्यासाची माझी शिफारस: चार ते सहा महिने, आठवड्यातले पाच दिवस, रोज एक-दीड तास. दर आठवड्याला एक प्रकरण. शनिवारी त्या प्रकरणातला एक व्यायाम प्रत्यक्ष करून मोबाइलवर बाजूने आणि समोरून चित्रित करा आणि पाठ्यपुस्तकातल्या मुद्द्यांशी ताडून बघा. शेवटच्या महिन्यात फक्त सराव-परीक्षा, तीही घड्याळ लावून. चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवा, त्यात योग्य उत्तरापेक्षा 'मी हे का निवडलं' हे लिहा. तीच चूक तुम्ही किती वेळा करता हे दिसलं की उजळणी कुठे करायची ते आपोआप कळतं.

ज्यांची इंग्रजी वाचनाची सवय कमी आहे, त्यांनी सराव-प्रश्न लवकर सुरू करावेत. विषय येत असूनही प्रश्नातलं 'अपवाद कोणता' किंवा 'सर्वात आधी काय कराल' हे निसटल्यामुळे गुण जातात.

परीक्षेच्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ओळखपत्रावरचं नाव नोंदणीतल्या नावाशी अक्षरशः जुळतंय ना, हे आठवडाभर आधी तपासा. एक भाग राहिला तर खचू नका, ठरावीक काळ थांबून तेवढाच भाग पुन्हा देता येतो.

कागद मिळाला, आता काम सुरू

सीएससीएस तीन वर्षांच्या चक्रात चालतं. पूर्ण चक्रासाठी ६ सीईयू, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे गुण, लागतात. १ सीईयू म्हणजे दहा तास, म्हणजे एकूण साठ तासांचं शिक्षण. चक्राच्या मध्ये सर्टिफिकेशन मिळालं असेल तर प्रमाण कमी होतं. परिषदा, लेखन आणि अध्यापन, अभ्यासक्रम, घरबसल्या चाचण्या असे वेगवेगळे वर्ग आहेत. प्रत्येक वर्गाला मर्यादा असल्यामुळे सगळे गुण एकाच ठिकाणाहून उचलता येत नाहीत. सीपीआर आणि एईडीही सतत चालू असावं लागतं. इतर संस्थांचे आकडे वेगळे, तत्त्व तेच.

बरेच जण अडीच वर्षं काहीच करत नाहीत आणि शेवटच्या दोन महिन्यांत सापडतील त्या ऑनलाइन चाचण्या देऊन गुण भरतात. नियमाला ते चालतं. खेळाडूला चालत नाही. त्यापेक्षा चक्राच्या पहिल्याच महिन्यात एका कागदावर तीन गोष्टी लिहा: गेल्या वर्षी कोणत्या प्रसंगी तुम्हाला उत्तर सुचलं नाही, संघातल्या कोणत्या दुखापती वारंवार झाल्या आणि तुमच्या खेळात काय नवीन आलंय. या यादीतूनच कोर्स निवडा. मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती सतत होत असतील तर वेगाने धावण्याच्या प्रशिक्षणावरची कार्यशाळा घ्या, आहारावरची आकर्षक परिषद पुढच्या वर्षी. वर्षाला वीस तास धरले तर महिन्याला दोन तासही होत नाहीत, म्हणून वेळ नाही हे कारण टिकत नाही.

शिक्षण चालू का ठेवायचं याचं सगळ्यात ठोस उदाहरण सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यांचं आहे. 'सुट्टीत आराम केलात ना, आता घाम गाळा' ही पद्धत अनेक वर्षं चालली. अशा वेळी खेळाडूंना उष्माघात झाला, अतिश्रमाने स्नायूपेशी फुटून मूत्रपिंडांवर ताण येणारा रॅब्डोमायोलिसिस झाला, काही जणांचे जीव गेले. २०१९ मध्ये एनएससीए आणि सीएससीसीए यांनी संयुक्त मार्गदर्शक सूचना काढल्या. नव्याने आलेल्या किंवा मोठ्या खंडानंतर परतलेल्या खेळाडूंचं कंडिशनिंगचं प्रमाण पहिल्या आठवड्यात नेहमीच्या कमालीपेक्षा ५० टक्के, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २० आणि चौथ्यात १० टक्के कमी ठेवायचं. २०१५ मध्ये परीक्षा देऊन पुस्तक बंद केलेल्या कोचला हे माहीत असण्याचं कारण नाही. मुख्य प्रशिक्षक पहिल्याच दिवशी 'पळवा त्यांना' म्हणाला तर अशा कोचकडे दाखवायला कागदही नाही.

मुलांच्या बाबतीतही समज बदलली. वजनं उचलल्याने उंची खुंटते, असं अजून अनेक पालक म्हणतात. योग्य देखरेख आणि योग्य तंत्र असेल तर मुलांसाठी ताकदीचा व्यायाम सुरक्षित आणि उपयुक्त आहे, ही आज संशोधकांची आणि व्यावसायिक संस्थांची भूमिका आहे. पालकांना हे शांतपणे, पुराव्यानिशी सांगता येणं तुमच्या कामाचा भाग आहे.

उत्तेजकविरोधी शिक्षण मात्र ऐच्छिक समजू नका. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था वाडाची प्रतिबंधित पदार्थांची यादी दरवर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते, आणि त्या नियमांत कोचही 'खेळाडूचा सहायक' म्हणून येतो. खेळाडूच्या शरीरात काही सापडलं तर जबाबदारी त्याची असतेच. पण तुम्ही ते पुरवलं असेल किंवा लपवायला मदत केली असेल, तर बंदी तुमच्यावरही येते. वाडाचं एडेल हे ऑनलाइन शिक्षण मोफत आहे. तुम्हाला लागू होणारा कोर्स दर जानेवारीत करा आणि खेळाडूंनाही त्यांचा करायला लावा. कुठलंही सप्लिमेंट सुचवण्याआधी आपलं कार्यक्षेत्र कुठे संपतं ते आठवा: निदान डॉक्टरांचं, दुखापतीचा उपचार फिजिओचा, आजारातला आहार आहारतज्ज्ञांचा.

दुसरं सर्टिफिकेट कधी?

पहिल्यानंतर लगेच दुसरं घ्यायची घाई करू नका. दोन वर्षं एकाच जागी काम करून खेळाडूंच्या मोजमापात बदल घडवल्याचं दाखवता आलं, तर ते नावापुढच्या चार अक्षरांपेक्षा मुलाखतीत जास्त बोलतं. दुसरं घ्यायचंच तर काम बदलत असेल तेव्हा घ्या. जीपीएस, फोर्स प्लेट (पायांनी जमिनीवर दिलेला जोर मोजणारं उपकरण) आणि माहितीच्या विश्लेषणाकडे वळत असाल तर क्रीडाशास्त्रज्ञांसाठी एनएससीएचं सीपीएसएस आहे. प्रत्येक सर्टिफिकेशनला नूतनीकरणाची वेगळी फी आणि वेगळी मुदत असते. चार-चार सांभाळताना शिकणं मागे पडतं आणि फक्त मुदतीच जगवल्या जातात. काही कार्यक्रमांचे गुण मात्र दोन संस्थांना चालतात, म्हणून नोंदणीआधी दोन्हीकडे विचारून घ्या.

नोंदींची फाइल

क्लाउडवर एक फोल्डर करा. प्रत्येक कार्यशाळेनंतर त्याच संध्याकाळी चार गोष्टी टाका: हजेरीचं प्रमाणपत्र, कार्यक्रमाची रूपरेषा, एकूण तास आणि संस्थेचा मान्यता क्रमांक असल्यास तो. खाली पाच-सहा ओळींत लिहा की सोमवारपासून सरावात नेमकं काय बदलणार. संस्था काही सदस्यांच्या नोंदी तपासायला मागतात आणि तेव्हा दोन वर्षांपूर्वीचा ईमेल शोधत बसायला वेळ नसतो. सीपीआर आणि एईडीची मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीची आठवण मोबाइलवर लावा, कारण सोयीच्या तारखांचे वर्ग लवकर भरतात.

मुदत चुकलीच तर त्याच दिवशी संस्थेला लिहा. थोड्या उशिरासाठी दंड भरून मार्ग निघू शकतो, पण फार उशीर झाला तर पुन्हा परीक्षेला बसण्याची वेळ येते. दरम्यान माहितीपत्रकावरून, सोशल मीडियावरून आणि टी-शर्टवरून ती अक्षरं काढून टाका. संपलेलं सर्टिफिकेशन चालू असल्यासारखं वापरणं हा आचारसंहितेचा भंग आहे, आणि एखाद्या खेळाडूला दुखापत झाली तर विमा कंपनी सगळ्यात आधी हीच तारीख तपासते.